एक गुंठा जंगल

एक गुंठा जमीन मनात धरा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. गुंठा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी सातबारा येतो, मग भाव, मग भावकी. ते सगळं आज बाजूला राहू द्या. हा गुंठा विकायचा नाही आणि त्यावर काही बांधायचंही नाही. म्हैसूरहून नंजनगूड, गुंडलुपेट करत उटीच्या रस्त्याला लागलं की साधारण ८० किलोमीटरांवर बंदिपूरचं जंगल येतं. त्या जंगलात, रस्त्यापासून बऱ्यापैकी आत, हा गुंठा आहे. महाराष्ट्रातून म्हैसूर-उटीच्या सहलीला निघालेल्या कितीतरी गाड्या तिथून जातात. खिडकीशी बसलेली माणसं हत्ती शोधत असतात. हत्ती दिसला तर जंगल पाहिल्यासारखं होतं. नाही दिसला तर घरी येऊन सांगतात, काहीच नव्हतं हो.

त्या ‘काहीच नव्हतं’मध्ये आपण थोडा वेळ बसणार आहोत. वाचताना मधेच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा. पुढचा परिच्छेद कुठे पळून जात नाही.

गुंठाच का घेतला, ते आधी सांगतो. सेंटिनेल-२ नावाचे युरोपचे उपग्रह आहेत, पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये. जमिनीपासून ७८६ किलोमीटर उंचीवरून ते पृथ्वीभोवती फिरतात. त्यांच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका, ज्याला पिक्सेल म्हणतात, तो जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा भरतो. म्हणजे जवळजवळ नेमका आपला गुंठा. दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, त्यांतला एक या गुंठ्यावरून जातो आणि मोजक्या आकड्यांत त्याची नोंद करून पुढे सरकतो. त्या वेळी वर ढग असला तर नोंद ढगाची होते. या कामाला दूरसंवेदन म्हणतात: वस्तूला हात न लावता, तिच्याकडून आलेल्या उजेडावरून तिच्याबद्दल काही जाणून घेणं. देवळात गाभाऱ्याबाहेर उभं राहून दर्शन घेणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटायची नाही.

आता डोळे मिटून सावकाश वर जा. गुंठ्यातल्या झाडांचे शेंडे खाली राहिले. मग शेंडे एकमेकांत मिसळले. मग रस्ता दोऱ्याएवढा झाला, काबिनी धरणाचं पाणी चमकलं, आणि आपला गुंठा एक ठिपका होऊन बसला. तो हिरवा आहे असं तुम्हाला वाटेल. शाळेच्या चित्रकलेच्या वहीपासून जंगल हिरवंच असतं. उपग्रहाला मात्र हिरव्यात फारसा रस नसतो.

त्याला कशात रस असतो ते कळायला एक पान हातात घेऊ. ऐनाचं घ्या. लांबट, जाडसर, चिवट पान. उलटं केलं तर देठाजवळ मधल्या शिरेवर दोन बारीक गाठी बोटाला लागतात. ऐन ओळखायची ही जुनी खूण आहे. हे पान उन्हात धरा. ऊन पडलं की पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड खाऊन टाकतं, कारण अन्न करायला तोच लागतो. हिरवा थोडा परत येतो, तो आपल्याला दिसतो. तांबड्याच्या पलीकडे अवरक्त उजेड असतो. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही आणि पानाच्याही काही उपयोगाचा नसतो. पानाच्या आत पेशी दाटीने भरलेल्या नसतात, मधे मधे हवेच्या पोकळ्या असतात. अवरक्त उजेड आत शिरतो, पेशी आणि पोकळी यांच्यामध्ये इकडून तिकडे आपटतो, आणि त्यातला साधारण निम्मा पुन्हा बाहेर पडतो. आपले डोळे तसे असते तर जुलैतलं बंदिपूर बघवलं नसतं, इतकं ते झळाळतं.

तेव्हा उपग्रह मोजतो ते हे: तांबडा किती परत आला आणि अवरक्त किती. अवरक्तातून तांबडा वजा करायचा, आलेल्या उत्तराला दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते एक यांच्या मधे कुठेतरी येतं. उघड्या मातीचं शून्याच्या जरा वर, दाट पानोऱ्याचं ०.८ च्या आसपास. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ मध्ये उडाला तेव्हापासून हा हिशोब चालू आहे, आणि पन्नास वर्षांत त्याच्याहून स्वस्त आणि टिकाऊ हिशोब दुसरा निघालेला नाही.

आपल्या गुंठ्याचा आकडा ०.८ आला असं समजा. त्या आकड्याशी थोडं थांबा. इथे पानं आहेत, ती ताजी आहेत, कामाला लागलेली आहेत, एवढं त्याने सांगितलं. पानं कुणाची, हे त्याने सांगितलेलं नाही. ऐनाची असतील, सागाच्या लागवडीची असतील, झुडपांच्या रानाची असतील. पानोरा दाट झाला की आणखी पानं वाढली तरी आकडा वाढायचा थांबतो, ही त्याची दुसरी अडचण.

इथे थोडं रेंगाळू, कारण देशाच्या जंगलाचा हिशोब याच जागी अडतो. १९८० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने लँडसॅटच्या चित्रांवरून देशाचं वनाच्छादन मोजलं. १९७२-७५ मध्ये ते १६.८९ टक्के होतं आणि १९८०-८२ मध्ये १४.१० टक्के. सरकारी दप्तरात तेव्हा बावीस-तेवीस टक्के वनक्षेत्र आरामात बसलेलं होतं. दप्तरातलं जंगल आणि जागेवरचं जंगल यांतली फट वरून दिसली. एरवी ती कुणी दाखवली असती असं मला वाटत नाही. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाने १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढायला सुरुवात केली. त्यांची व्याख्या उघड छापलेली असते: एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा, निदान दहा टक्के भाग झाडांच्या सावलीखाली, मालक कुणीही असो, झाड कुठलंही असो. या व्याख्येत कोडगूतले कॉफीचे मळे बसतात, नारळाच्या बागा बसतात, आमराया बसतात. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. याला मी लबाडी म्हणणार नाही. पण वर्तमानपत्रात व्याख्या येत नाही, टक्का येतो, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नारळाची बाग न येता वाघ येतो.

आता खाली या. घाई नको, झाडांच्या फांद्या चुकवत या आणि गुंठ्याच्या मधोमध उभे राहा.

इथे किती झाडं असतील? अंदाजाला चांगला आधार आहे. बंदिपूरला लागूनच, तमिळनाडूच्या हद्दीत, मुदुमलाईचं जंगल आहे. तिथे १९८८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रामन सुकुमार यांनी पन्नास हेक्टरांचा एक आयत आखला, हजार मीटर लांब आणि पाचशे मीटर रुंद. जमिनीपासून १.३ मीटरवर एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेलं प्रत्येक खोड मोजून त्याला क्रमांकाचा बिल्ला लावला. सुमारे पंचवीस हजार खोडं भरली, जाती सत्तरेक. तेव्हापासून त्यांची मोजणी चालू आहे: कोण मेलं, कोण नवं आलं, कोण किती जाड झालं. पन्नास हेक्टर म्हणजे आपले पाच हजार गुंठे. भागून बघा, गुंठ्याला पाच खोडं पडतात.

तेवढीच? हो. दक्षिणेतलं कोरडं पानझडीचं रान असं विरळ असतं. चित्रपटातलं घनदाट अरण्य इथे नाही.

पाचही झाडांशी ओळख करून घ्या. ऐनाची साल काळपट, आडव्या-उभ्या भेगांनी चौकोन पडलेली. हात ठेवला तर खरखरीत लागते. धावड्याचं खोड पांढुरकं आणि गुळगुळीत. थंडी आली की त्याची पानं तांबूस होतात. तिसरा नाणा, त्याची फिकी साल पापुद्र्यांनी सुटत असते. चौथा आवळा, बारीक खोडाचा, ज्याच्याखाली चितळ येऊन गेल्याच्या खुणा आहेत. पाचवं वारंग, आणि ते मोडलेलं आहे. हत्तींना त्याची साल आणि पाला आवडतो. मुदुमलाईच्या त्या आयतात पहिल्या काही वर्षांतच वारंगाची संख्या हत्तींमुळे झपाट्याने उतरली. वरून बघणाऱ्याला याचा पत्ता लागला नसता. मोठ्या झाडांखालचं एक मधल्या उंचीचं झाड गेलं, वरची पानं होती तिथेच राहिली, आकडा जवळपास तोच.

गंमत बघा, त्याच १९८८ च्या मार्चमध्ये भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए बैकानूरहून उडाला. त्याचा सगळ्यात बारीक ठिपका सुमारे ३६ मीटरचा होता, म्हणजे तेरा गुंठ्यांचा एक. त्या तेरा गुंठ्यांत आपल्या हिशोबाने पासष्ट खोडं आली, सगळी एका आकड्यात. आणि तिकडे मुदुमलाईत माणसं टेप घेऊन एकेका खोडाला मिठी मारत होती. दोन्ही कामं लागतात. फक्त टेपवाल्यांच्या पगाराला पैसे काढताना हात आखडतो आणि उपग्रहाच्या वेळी आखडत नाही, एवढं या क्षेत्राकडे बाहेरून बघणाऱ्यालाही दिसतं.

बसा आता. खाली वाळका पाचोळा आहे, त्यावरच बसा, आणि वर्ष सरकू द्या. पाच दिवसाला एक, म्हणजे वर्षाला त्र्याहत्तर नोंदी. जूनपासूनच्या बऱ्याचशा ढगांत जातात. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं, आकडा वर असतो. डिसेंबरात धावडा तांबूस होतो, आकडा घसरायला लागतो. फेब्रुवारीत पानं गळून जातात, माथ्यावर आभाळ उघडं पडतं, पळस आणि पांगारा मात्र भर उन्हात फुलतात. एप्रिलमध्ये वळवाचे एक-दोन पाऊस झाले की कोवळी पानं येतात आणि आकडा पुन्हा चढतो. एका दिवसाचं चित्र जे सांगू शकत नाही ते वर्षाची ही चढउतार सांगते. सागाची लागवड असेल तर सगळं एकदम झडतं, एकदम फुटतं. मिश्र रानात प्रत्येक जात आपल्या वेळेने झडते, म्हणून उतार लांबत जातो. पश्चिमेला नागरहोळे ओलांडून कोडगूकडे सरकलं की पाऊस वाढतो आणि चढउतार कमी कमी होत जाते, सदाहरित रानात ती जवळजवळ नाहीशी होते. एकट्या मुदुमलाईत पूर्वेच्या टोकाला वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस, तर पश्चिमेला २,००० च्या घरात. ही उतरंड पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जे. पी. पास्कल यांनी १९८२ मध्येच नकाशावर उतरवली होती. मडिकेरी-म्हैसूरचं ते पान, अडीच लाखाला एक या प्रमाणातलं, आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतं. त्याच मालिकेत पुढे १९८४ मध्ये बेळगाव-धारवाड-पणजीचं पान निघालं.

शेजारच्या गुंठ्यांकडेही नजर टाका. एकाचा आकडा दुसऱ्यासारखाच, तिसऱ्याचाही तसाच, तर तिथे बहुधा एकाच जातीची दाटी. आकडे एकमेकांपासून दूर दूर, तर तिथे जाती जास्त असाव्यात. उजेडातल्या विविधतेवरून जीवांच्या विविधतेचा अंदाज बांधायचा, असं हे गृहीतक आहे. कुठे ते चांगलं जुळतं, कुठे साफ फसतं. उघडी माती, सावल्या, दगड यांनीही आकडे बदलतात ना. हरिणी नागेंद्र आणि माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटासाठी याच वाटेने जाताना एक शहाणपणाची गोष्ट केली. भारतीय उपग्रहांच्या चित्रांवरून आधी भूदृश्यांचे मोठे गट पाडले, मग त्यांच्या पोटातले छोटे गट, आणि फुलझाडांच्या जाती मोजायला माणसांना जमिनीवर पाठवलं. १९९९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठे जाऊन मोजायचं हे उपग्रहाने सांगायचं, मोजायचं काम माणसांचं, अशी ती वाटणी.

फेब्रुवारीच्या शेवटाशी थोडं थांबू. वरची झाडं निष्पर्ण झाली आहेत. अशा वेळी खाली काहीतरी अजून हिरवं आहे. कंबरेएवढं, कुठे डोक्याएवढं वाढलेलं. पान चुरगळा, उग्र वास येईल. बारीक काट्यांनी हात खरचटेल. घाणेरी, आपल्याकडे टणटणीही म्हणतात. बागेची शोभा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेच्या उष्ण भागातून इकडे आणली गेली आणि मग कुणाच्या बापाची राहिली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारतातल्या व्याघ्रक्षेत्राच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भागात, म्हणजे दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक जागेत, ती पसरली आहे. पावसाळ्यात ती उपग्रहाला सापडत नाही, वरच्या पानांखाली दडते. सापडते ती याच थोड्या दिवसांत, झाडं उघडी आणि ती अजून हिरवी असताना. म्हणून घाणेरीचे नकाशे करणारे नेमक्या या आठवड्यांतली चित्रं शोधतात. ज्या गुंठ्याचा आकडा फेब्रुवारीतही खाली येत नाही, तिथे जाऊन बघा म्हणतात.

ती एवढी का माजली याचं एक उत्तर बंदिपूरच्या पूर्वेला, बिळिगिरिरंगन डोंगरात मिळतं. तिथले सोलिगा आदिवासी सांगतात की पूर्वी ते उन्हाळ्याच्या आधी पाचोळ्याला हलकी आग लावत. तरगु बेंकी तिचं नाव. ती पायाशी पायाशी सरकत जाई, पाचोळा आणि कोवळी झुडपं जाळून विझे, मोठ्या झाडांना काही होत नसे. १९७० च्या दशकात अभयारण्य झालं, आगी बंद झाल्या, आणि घाणेरीला मोकळं रान मिळालं, असं त्यांचं म्हणणं. १९९७ आणि २००८ अशी दोन वेळा त्याच जागा मोजून अभ्यासकांना घाणेरी कित्येक पटींनी वाढलेली दिसली. सोलिगांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, आगीबद्दल वनखात्यात अजूनही अंगावर काटा येतो. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये बंदिपूर पेटलं तेव्हा दाट, वाळक्या झुडपांनी आगीला शिडी लावून दिली. इस्रोच्या हैदराबाद केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून चार हजार हेक्टरांहून जास्त रान जळाल्याचं काढलं. आपल्या गुंठ्यासारखे चार लाखांहून जास्त गुंठे. तो काळा डाग तुम्ही आजही जुन्या चित्रांत काढून बघू शकता. त्याच्या कडा रस्त्याने आणि जाळरेषांनी जिथे अडल्या तिथे सरळ कापल्यासारख्या दिसतात.

इथून उठून उत्तरेच्या सीमेकडे चला, जिथे जंगल संपून हंगळा वगैरे गावांची शेतं लागतात. वरून पाहिलं तर सीमेलगतचं रान फिकं दिसतं. आकडा आतल्या भागापेक्षा कमी. उपग्रहाने आपलं काम केलं. का फिकं, हे आता कुणीतरी गावात जाऊन विचारायचं.

एम. डी. मधुसूदन यांनी ते विचारलं. म्हैसूरमध्ये १९९६ पासून काम करणाऱ्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी ते एक. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुरस गोष्ट वाटते. १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये दंवाने कॉफीची झाडं करपली, जगभर कॉफीचा भाव चढला. त्या दशकात शेजारच्या कॉफीच्या मुलखातल्या मळेवाल्यांच्या हातात पैसा आला आणि त्यांना शेणखत हवं झालं. हंगळ्याचं शेण पूर्वी हंगळ्याच्याच शेतात जायचं. आता ते विकून रोख मिळू लागलं. मग दुधासाठी किंवा औताला नव्हे, शेणासाठी म्हणून गुरं राखणं परवडू लागलं. ती गुरं चरायला कुठे जाणार? बंदिपुरात.

हे सावकाश मनात घोळवा. जंगलातलं गवत आणि पाला गुराच्या पोटात गेला. शेण ट्रकमध्ये भरून कॉफीच्या मळ्यात गेलं. मळा तरारला. कॉफी जहाजात बसून परदेशी गेली. आणि आपला उपग्रह वरून काय लिहून घेतो? बंदिपूरच्या कडेला फिका ठिपका, कॉफीच्या मुलखात गर्द ठिपका. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत तो गर्द ठिपका वनाच्छादन म्हणून जमेला धरला जातो. एका रानाचा कस दुसऱ्या हिरव्यात गेला, आणि बेरीज वाढली. चित्रांत एकही आकडा खोटा नाही.

कॉफीवर राग धरायचं कारण नाही, तेही सांगायला हवं. जुन्या पद्धतीच्या मळ्यात कॉफीच्या डोक्यावर रानातलीच पन्नास प्रकारची झाडं सावली धरून असतात आणि धनेशापासून उदमांजरापर्यंत पुष्कळांची तिथे सोय होते. पण देशी झाडं काढून त्या जागी ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक लावला जातो, तो सरळ वाढतो, लवकर विकता येतो आणि मिरीचे वेल त्यावर चढवता येतात. तांबडा-अवरक्ताच्या वजाबाकीत दोन्ही मळे जवळपास सारखे उतरतात. पक्ष्यांच्या हिशोबात उतरत नाहीत.

मग अधिक तीक्ष्ण डोळा आणला तर? आणलेला आहे. २०१५-१६ च्या हिवाळ्यात इस्रो आणि नासा यांनी मिळून इस्रोच्या विमानात एक उपकरण बसवलं आणि देशभरातल्या निवडक जागांवरून नेलं, त्यात मुदुमलाईही होतं. उजेडाचे चार-दहा पट्टे न करता ते चारशेहून जास्त बारीक पट्टे करतं. पानातलं पाणी, नत्र, काष्ठद्रव्य यांच्या खुणा त्यात वेगवेगळ्या उमटतात, आणि काही जाती एकमेकींपासून वेगळ्या काढता येतात. लेसरचे झोत सोडून झाडांची उंची मोजणारं उपकरण २०१८ च्या डिसेंबरात अंतराळ स्थानकावर गेलं. त्याचा एक झोत जमिनीवर २५ मीटरचं वर्तुळ व्यापतो, आणि त्यातून शेंडा, मधला पानोरा, जमीन असे थर वाचता येतात. आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेला. नासाचं २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं रडार, सोबत इस्रोचं आखूड लहरींचं. रडार ढगांना जुमानत नाही. लांब लहरी पानांतून आरपार जाऊन फांद्या आणि खोडांवर आपटून परततात, तर आखूड लहरी वरच्या पानोऱ्यातच अडकतात. बारा दिवसांनी एकदा तीच जागा. म्हणजे जून ते सप्टेंबर, जेव्हा आपला गुंठा ढगाखाली गडप असतो, तेव्हाही त्याच्या खोडांची खबर मिळत राहील.

परत गुंठ्यात येऊन बसा. एवढी सगळी उपकरणं डोक्यावरून जात असताना इथे काय काय आहे, कान देऊन बघा. सातभाईंचा कलकलाट. कोतवालाने दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज काढला. सोनपाठी सुताराचे ठोके. पाचोळ्याखाली शेणकिडा हत्तीच्या लदीचा गोळा ढकलतो आहे. यातलं वर काही जात नाही. सलीम अलींनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली ती दुर्बीण, बंदूक आणि डायरी घेऊन. आज कुणी ती पुन्हा करायची म्हटली तर कुठे जायचं ते वरून कळेल, पक्षी मात्र तसेच पायी फिरून मोजावे लागतील.

आता शेवटचं. बंदिपूरचा गुंठा सोडा आणि तुमच्या जवळचा एक निवडा. सह्याद्रीतला नको. सोलापूर, नगर, बीड, पुरंदर, जिथे माळ आहे तिथला. त्याचा आकडा वर्षातले आठ महिने तळाला असतो आणि पाऊस पडला की थोडे दिवस उसळतो. याच मधुसूदन यांनी अबी तमिम वनक यांच्यासोबत देशातल्या अशा अर्धकोरड्या, उघड्या, नैसर्गिक जागांचा नकाशा केला. त्यातला एक ठिपका ३० मीटरचा, आपल्या नऊ गुंठ्यांचा. एकूण भरलं सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे, आणि बराच मोठा भाग सरकारी नोंदीत पडीक म्हणून आहे. लांडगा, खोकड, धाविक, तणमोर तिथे राहतात. पडीक जागा म्हटली की तिथे सौर प्रकल्प येतो किंवा वृक्षारोपण येतं, आणि वृक्षारोपण झालं की उपग्रहाच्या आकड्यात सुधारणा दिसते.

त्या गुंठ्यावरची गेल्या दहा वर्षांची चित्रं आज कुणालाही फुकट काढता येतात. आकडा कधी चढला, कधी उतरला ते बघा. एखाद्या वर्षी तो एकदम चढून उन्हाळ्यातही वरच राहिला असेल तर कारण विचारायला गावात जा, शक्यतो दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तिथून जाणाऱ्या धनगराकडे. खड्डे कुणी खणले, काय लावलं, गवत कधीपासून येईनासं झालं, हे तो सांगेल. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली होती. माळढोकाला लांबवर दिसणारा उघडा माळ लागतो.